खुशामत हे दुबळ्याचे हत्यार नव्हे

सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मध्ये, भेस्तान लागते. आजूबाजूला पांडेसरा आणि सचिन इथल्या औद्योगिक वसाहती, लूमचे कारखाने, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या चाळी, सोसायट्या, आवास योजनेच्या इमारती. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जाणाऱ्या रेल्वेने खानदेशची माणसे पिढ्यान् पिढ्या इकडे येत राहिली. त्यामुळे भेस्तान, उधना, लिंबायत या भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते, आणि सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये गुजरातीच्या जोडीला मराठी माध्यमही चालते.

या वस्त्यांमध्ये एक मत घट्ट रुजले आहे. आपण बाहेरून आलेली माणसे. आपल्याला वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. साहेबाची मर्जी सांभाळली तर काम होते, नाही सांभाळली तर फाइल धूळ खात पडते. म्हणून नेत्याच्या वाढदिवसाला फलक लावावा, शाल-श्रीफळ घेऊन जावे, पुढेपुढे करावे, चार चांगले शब्द बोलावेत. वडीलधारी माणसे हे पोरांना व्यवहार म्हणून शिकवतात, आणि शिकलेसवरलेले लोकही त्याला मान डोलावतात. हे मत केवळ भेस्तानचे नाही. पुण्यापासून दिल्लीपर्यंत जिथे जिथे खुर्ची आहे तिथे तिथे ते आहे. पण भेस्तानसारख्या ठिकाणी ते सर्वांत जास्त सहानुभूतीने मांडले जाते, कारण इथे ते गरिबाच्या नावाने मांडले जाते. म्हणून त्याचा समाचारही इथेच घ्यायला हवा. माझे म्हणणे असे की खुशामत नीतीला सोडून आहे हे तर खरेच, पण ती हिशेबालाही सोडून आहे. आणि तिचा सर्वांत मोठा तोटा ज्याच्या नावाने तिचे समर्थन होते त्या दुबळ्यालाच होतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचे चार आधार आहेत.

पहिला आधार असा: ज्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, जात-गावाचे पाठबळ नाही, त्याच्याकडे जीभ तरी आहे. तो तिचा वापर करतो यात वाईट काय? अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी १९८५ साली मलेशियातल्या एका भातशेतीच्या गावावर लिहिलेल्या ग्रंथात दाखवले की गरीब माणूस मालकापुढे मान तुकवतो तेव्हा तो आतून शरण गेलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो मुखवटा असतो. दुसरा आधार शास्त्राचा: आपल्याकडे साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय सांगितले आहेत, आणि त्यात पहिला मान सामाला, म्हणजे गोड बोलण्याला आहे. तिसरा आधार इतिहासाचा: याच सुरतेत इंग्रज हात जोडत आले, बादशहाला नजराणे देत राहिले आणि शेवटी देश घेऊन बसले; म्हणजे नमते घेणारा जिंकतो. चौथा आधार असा: गोड बोलण्याने कुणाचे काय बिघडते? ऐकणारा सुखावतो, बोलणाऱ्याचे काम होते.

चारही मुद्दे वरवरचे नाहीत. विशेषतः पहिला. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

स्कॉट यांनी मुखवट्याबद्दल जे म्हटले ते मला मान्य आहे. पण त्यांचा गरीब माणूस समोर मान तुकवतो आणि पाठीमागे कामात ढिलाई करतो, धान्य लांबवतो, मालकाची निंदा करतो. त्याचे हत्यार असेल तर ते या पाठीमागच्या गोष्टींत आहे. तुकवलेली मान ही त्याची ढाल आहे, आणि ढालीने कुणी काही मिळवत नाही, फार तर वार चुकवतो. भेस्तानमध्ये ज्या खुशामतीचा सल्ला दिला जातो ती वार चुकवण्यासाठी नसते. ती मिळवण्यासाठी असते: घर, दाखला, नोकरी, ठेका, तिकीट. तेव्हा प्रश्न असा की मिळवण्याचे साधन म्हणून ती दुबळ्याच्या हातात चालते का?

या प्रश्नावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली याच विषयावर पुस्तक लिहिले आणि त्यात एक पेच नेमका पकडला. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीची गरज जास्त, त्याला खुशामत करण्याचा मोह जास्त. पण त्याची गरज जितकी उघड, तितका त्याच्या स्तुतीमागचा हेतू उघड, आणि हेतू उघडा पडला की स्तुतीचा परिणाम ओसरतो. म्हणजे ज्याला खुशामतीची निकड आहे त्याच्याच तोंडी ती सर्वांत कमी चालते. ती चालते ती बरोबरीच्या माणसाच्या तोंडी, ज्याला वरकरणी काही नको आहे. हे समजायला प्रयोगशाळाही लागत नाही. शेठच्या कार्यालयात दुसरा शेठ येऊन म्हणतो, ‘तुमचे नियोजन वाखाणण्यासारखे आहे,’ तेव्हा शेठ फुलतो. तेच वाक्य दारात अर्ज घेऊन उभा असलेला कामगार म्हणतो तेव्हा शेठची नजर त्याच्या हातातल्या कागदाकडे जाते. शब्द तेच, पण किंमत वेगळी, कारण बाजारात पत वेगळी. दुबळ्याला सांगायचे की खुशामत हेच तुझे हत्यार, म्हणजे त्याला अशा बाजारात पाठवायचे जिथे त्याचे नाणे सर्वांत स्वस्त जाते.

नेदरलँड्सच्या रोस फोंक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आणखी एक बाजू दिसली. जो वरिष्ठांशी गोड आणि हाताखालच्यांशी उर्मट वागतो, त्याच्याबद्दल पाहणाऱ्यांना चटकन आणि तीव्र नावड वाटते. खुशामत करणारा एका माणसाची मर्जी मिळवताना दहा माणसांचा विश्वास गमावतो. परमुलखात आलेल्याला खरा आधार त्या दहांचाच असतो: शेजारी, गाववाले, एका पाळीत काम करणारे. अडीअडचणीला रात्री दवाखान्यात घेऊन जायला साहेब येत नाही, शेजारी येतो.

आणि ‘आपण परके’ हे गृहीत तरी कितपत खरे आहे? राज्यघटनेच्या कलम १९ ने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. सुरतेचा हा दक्षिण भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो, आणि तिथून २००९पासून निवडून येणारे सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले. कुणाला त्यांचा पक्ष पटो वा न पटो, यावरून एवढे तर दिसतेच की इथला खानदेशी माणूस आज मोजला जातो. तो मोजला जातो तो मतामुळे आणि श्रमामुळे. मत गुप्त असते; त्या पेटीपुढे कुणाची मर्जी राखावी लागत नाही. ज्याच्या हातात ते आहे त्याने स्वतःला निर्वासित समजून वागणे म्हणजे असलेली ताकद स्वतःच नाकारणे होय.

आता शास्त्राकडे वळू. साम म्हणजे गोड बोलणे, आणि गोड बोलणे म्हणजे खुशामत, अशी साखळी लोक बिनदिक्कत जोडतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सामाचे विवरण दुसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात येते. तो अध्याय राजाच्या लेखनिकाने शासनपत्रे कशी लिहावीत याबद्दल आहे. तिथे सामाचे पाच प्रकार सांगितले आहेत: गुणसंकीर्तन, संबंधोपाख्यान, परस्परोपकारसंदर्शन, आयतिप्रदर्शन आणि आत्मोपनिधान. गुण वाखाणणे हा त्यातला एक. बाकीचे म्हणजे नात्याची आठवण देणे, दोघांचा एकमेकांना होणारा उपयोग दाखवणे, पुढे होणारा लाभ पटवणे, आणि ‘मी तो तूच, माझे ते तुझे’ अशा भावनेने स्वतःला पुढे करणे. ही भाषा देणेघेणे करू शकणाऱ्या दोन पक्षांची आहे. पत्र लिहिणारा राजा आहे आणि त्याच्या पाठीशी दाम, दंड, भेद हे उरलेले तीन उपाय उभे आहेत. ज्याच्याकडे बाकीचे तीन नाहीत आणि पाचांतले चार प्रकारही नाहीत, त्याच्या हातात उरलेल्या एकट्या गुणसंकीर्तनाला साम म्हणणे ही शास्त्राची ओढाताण आहे.

नोकराने, आश्रिताने राजापाशी कसे वागावे हे कौटिल्याने वेगळे सांगितले आहे, पाचव्या अधिकरणात, अनुजीवींच्या वर्तनाच्या अध्यायात. जे खुशामतीसाठी त्याचे नाव घेतात त्यांनी तो अध्याय जरूर वाचावा. विचारले असता धर्म आणि अर्थ यांना धरून, सभेला न घाबरता बोलावे, असे तिथे आहे. प्रिय पण अहितकारक असे बोलूच नये. हितकारक पण अप्रिय असेल ते, राजा ऐकायच्या मनःस्थितीत असेल तर, एकांतात सांगावे. वेळ आणि जागा पाहून बोलण्याची सावधगिरी त्यात पुरेपूर आहे, पण खोट्या स्तुतीला परवाना नाही. उलट राजाचा आश्रय म्हणजे विस्तवाशी वास, असा इशाराच त्याने दिला आहे. रामायणात मारीच रावणाला आणि महाभारतात विदुर धृतराष्ट्राला जे बजावतो तेही हेच: गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, कडू पण हिताचे सांगणारा आणि ते ऐकून घेणारा दोघेही दुर्मीळ. म्हणजे परंपरेने हा प्रश्न पाहिला होता, तोलला होता, आणि निकाल खुशामतीच्या विरुद्ध दिला होता.

तिसरा आधार इतिहासाचा, आणि तो सुरतेच्या भूमीवरच तपासता येतो.

१६०८ साली विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ नावाचे जहाज घेऊन सुरतेला उतरला. सुरतेत व्यापाराची वखार उघडण्याची परवानगी मिळवायची हे त्याचे काम. तो आग्र्याला जहांगीरच्या दरबारी गेला. त्याला तुर्की येत होते, त्यामुळे बादशहाशी थेट बोलता येई. बादशहा खूश झाला. त्याने हॉकिन्सला चारशेची मनसब दिली, दरबारात ठेवून घेतले, एका आर्मेनियन ख्रिस्ती तरुणीशी त्याचे लग्न लावून दिले. मर्जी म्हणून जे काही असते ते सगळे या माणसाला मिळाले. पण ज्यासाठी तो आला होता ते मिळाले का? परवानगी मिळे आणि मागे घेतली जाई. पोर्तुगीजांचे वजन, सुरतेचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाचा विरोध, सुरतेच्या व्यापाऱ्यांची भीती, यांपुढे बादशहाची व्यक्तिगत मर्जी टिकत नव्हती. १६११च्या अखेरीस हॉकिन्स रिकाम्या हाताने आग्र्याहून निघाला.

परवाना मिळाला तो त्यानंतर. १६१२च्या नोव्हेंबरअखेर ताप्तीच्या मुखाजवळ सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीज आरमाराला मागे रेटले, आणि मग १६१३च्या आरंभी सुरतेतील इंग्रजांच्या व्यापाराला बादशाही मान्यता आली. मोगलांच्या हज यात्रेच्या आणि व्यापाराच्या जहाजांना समुद्रावर पोर्तुगीजांचा जाच होता. त्याला शह देणारे कुणीतरी आहे हे दिसल्यावर हिशेब बदलला. १६१५ साली सुरतेला उतरलेला राजदूत टॉमस रो तर दरबारी रिवाजाप्रमाणे लवून नमस्कार करायलाही तयार नव्हता; त्याने आपल्या देशाच्या पद्धतीने अभिवादन करण्याची मुभा मागितली आणि ती त्याला मिळाली. त्याला हवा होता तसा सर्वसमावेशक तह काही त्याच्या पदरी पडला नाही, पण १६१८ साली सुरतेच्या व्यापारापुरते फर्मान तो घेऊन गेला. मनसबदार झालेल्या हॉकिन्सला जे जमले नाही ते ताठ मानेच्या रोला थोडेफार जमले. इंग्रजांनी पुढे या देशाचे जे केले ते निंद्यच आहे, आणि तोफांची भलामण मला करायची नाही. सांगायचे एवढेच की ‘हात जोडून राज्य मिळवले’ ही दंतकथा आहे. मर्जीने त्यांना हुद्दा मिळाला. काम झाले ते समोरच्याला त्यांची गरज भासली तेव्हा.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे आणि तोही सुरतेचा. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका राघोबादादा यांच्या भोवती जमलेले लोक राघोबादादांना हवे तेच सांगत होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र त्यांच्या तोंडावर खुनाचा दोष ठेवला आणि नोकरी सोडून ते निघून गेले. व्यवहारी शहाणपणाच्या मापाने रामशास्त्री हरले. पण पुढे काय झाले? बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांनी राघोबादादांना पदच्युत केले आणि रामशास्त्र्यांना पुन्हा न्यायासनावर बोलावले. राघोबादादा आश्रय शोधत सुरतेला आले आणि ६ मार्च १७७५ला त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. साष्टी आणि वसई देऊ केली, महसुलातला वाटा देऊ केला, बदल्यात पेशवाई मागितली. परक्या सत्तेची मर्जी मिळवण्यासाठी माणूस किती वाकू शकतो याची ही परिसीमा होती. वर्षभरात, १७७६ला, कलकत्त्याच्या इंग्रजांनी पुरंदरचा तह करून तो करार मोडीत काढला. १७८२च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी साष्टी स्वतःकडे ठेवली आणि राघोबादादांचा पक्ष सोडून दिला. पेन्शनीवर कोपरगावला जाऊन १७८३ साली त्यांचा शेवट झाला. मर्जीचा सौदा असाच होतो. देणाऱ्याने दिलेले तिकडेच राहते, आणि घेणाऱ्याने दिलेले वचन त्याच्या सोयीप्रमाणे बदलते. त्या वचनाची अंमलबजावणी करायला लावणारे कोणतेही न्यायालय नसते.

उरला चौथा आधार: कुणाचे काय बिघडते? माझा खरा वाद इथे आहे, कारण बाकीचे तीन मुद्दे पुस्तकांतले आहेत, हा मात्र रोजच्या भाकरीचा आहे.

लूमच्या कारखान्यात जाऊन पाहा. विणकराची मजुरी मीटरवर असते. ताण्याचा बीम चांगला लागला, सूत नीट असले, तर तार कमी तुटते, यंत्र कमी थांबते, कापड जास्त निघते. बीम खराब लागला तर तोच कारागीर, तेवढ्याच तासांत, घामाघूम होऊन कमी मीटर काढतो. तार तुटली की यंत्र थांबवा, टोक शोधा, गाठ मारा, पुन्हा चालू करा. सगळी पाळी यातच जाते. कोणाच्या यंत्रावर कोणता बीम चढवायचा हे मास्तर ठरवतो. जो मास्तरच्या पुढेपुढे करतो, त्याला चहा पाजतो, त्याच्या प्रत्येक बोलण्यावर ‘बरोबर आहे’ म्हणतो, त्याच्याकडे चांगला बीम जातो. खराब बीम काही नाहीसा होत नाही. तो शेजारच्या यंत्रावर चढतो, आणि तिथे उभा असलेला माणूसही धुळ्याहूनच आलेला असतो, त्याच्या घरीही महिनाअखेरीला भाड्याची काळजी असते. पहिल्याने मिळवलेली मर्जी म्हणजे दुसऱ्याच्या मजुरीतून कापलेले पैसे. गोड बोलण्याने कुणाचे बिघडत नाही असे म्हणणाऱ्याने या दुसऱ्या माणसाकडे पाहावे.

हेच घराच्या अर्जाला, शाळेतल्या प्रवेशाला, पाण्याच्या नळाला लागू आहे. घरे मोजकी, रांग लांब. एक जण मर्जीने पुढे सरकला की मागचे सगळे एकेक पाऊल मागे जातात. शिवाय मधला दलाल तयार होतो. ‘साहेबांची भेट घालून देतो’ हाच त्याचा धंदा. त्याचे पोट भरते ते काम नियमाने होत नाही या समजुतीवर. म्हणून ती समजूत टिकवण्यात त्याचा स्वार्थ असतो. आणि अधिकाऱ्यालाही सवय लागते: जे काम करण्यासाठी पगार मिळतो ते उपकार म्हणून करण्याची. एकदा हक्क उपकारात बदलला की ज्याला उपकार मागता येत नाही त्याचा हक्कच संपतो. एकटी राहणारी विधवा, गुजराती धड न येणारा नवखा मजूर, तोंडाने भिडस्त असलेला माणूस, यांना खुशामत करता येत नाही. सर्वांत दुबळे हेच आहेत. खुशामतीचे राज्य आले की पहिली गदा यांच्यावर येते.

नुकसान खुर्चीवर बसलेल्याचेही होते. चौकातल्या फलकावर मधोमध नेत्याचा भला मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे नाण्याएवढे चेहरे ओळीने. त्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार? वर्गणीचे पैसे त्यात जातात, आणि ज्या गल्लीत तो फलक उभा आहे तिथले गटार तुंबले आहे हे त्या फलकावर कुठेच नसते. ज्याला रोज फक्त वाखाणणी ऐकू येते त्याला तुंबलेले गटार कळणार कसे? सुरतेने याची किंमत मोजली आहे. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो लोक हे शहर सोडून पळाले. त्यांत मजूरही होते. शहर घाणीत बुडाले होते हे वस्तीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते वेळेवर वरपर्यंत पोचवून कामाला लावणारी यंत्रणा मात्र नव्हती.

त्यानंतर जे झाले तो माझ्या म्हणण्याचा भरभक्कम पुरावा आहे. १९९५मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकार झोनच्या अधिकाऱ्यांना वाटून दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करण्याची पद्धत लावली, आणि बेकायदा बांधकामे पाडताना वजनदार लोकांचीही गय केली नाही. दोन वर्षांच्या आत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. त्याचा फायदा झोपडपट्ट्यांनाही मिळाला. तिथल्या माणसांनी कुणाला शाल घातली म्हणून गटार साफ झाले नाही. नियम सर्वांना सारखा लागू झाला म्हणून ते झाले. एकाच शहरात, त्याच माणसांकडून, मर्जीच्या पद्धतीने जे अनेक वर्षांत झाले नव्हते ते नियमाच्या पद्धतीने अल्पकाळात झाले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे: ‘पण आम्ही डोळ्यांनी पाहतो की खुशामत करणाऱ्यांची कामे होतात.’ होतात. पण डोळ्यांना दिसतात ती झालेली कामे. ज्यांनी फलक लावले, हार घातले, वर्षानुवर्षे मागे फिरले आणि ज्यांच्या हाती काही लागले नाही, ते लाजेने गप्प बसतात. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. शिवाय झालेल्या कामांतली कितीतरी अशी असतात की जी नुसत्या अर्जानेही झाली असती. जन्माचा दाखला हा हक्काने मिळतो. तो मिळाल्यावर आपण नेत्याचे आभार मानतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारी जातो. आपल्या हक्काचे श्रेय आपणच त्याच्या नावावर जमा करतो.

दुसरा आक्षेप: मग माणसाने उद्धट व्हावे का? मुळीच नाही. वडीलधाऱ्याला वाकून नमस्कार, अधिकाऱ्याशी अदबीने बोलणे, चांगल्या कामाबद्दल मनापासून कौतुक, यांतले काहीही खुशामत नव्हे. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. हीच स्तुती मला काही नको असताना मी केली असती का? तो माणूस समोर नसताना केली असती का? आणि त्याचे चुकले तर तेही त्याला सांगण्याची माझी तयारी आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर स्तुती निर्मळ आहे.

या कसोटीला उतरलेला माणूस म्हणजे जोतीराव फुले. इंग्रजी राजवटीतले जे त्यांना चांगले वाटले, विशेषतः शूद्रातिशूद्रांना उघडलेले शिक्षणाचे दार, त्याची त्यांनी मोकळेपणाने वाखाणणी केली. पण १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी त्याच सरकारला सांगितले की शेतकऱ्यांच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आहे. आणि १८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली, तेव्हा दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांमध्ये फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. राजपुत्रापुढे उभे राहून त्यांनी सांगितले की समोर बसलेले हे श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. तो पाहायचा तर खेड्यांत जा, आणि तिथल्या माणसांना शिक्षण द्या. यजमानाचा त्यांनी अपमान केला नाही, पाहुण्याशी ते उद्धट वागले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी काहीही मागितले नाही, म्हणूनच लाखोंसाठी मागता आले. त्या सभेत गोड बोलणारे पुष्कळ असतील. लोकांच्या स्मरणात राहिले ते फुल्यांचे बोलणे.

तेव्हा भेस्तानच्या माणसाने करायचे काय? साधने आहेत, आणि ती दुबळ्यासाठीच घडवलेली आहेत. २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करताना माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क लागत नाही. गुजरातेत २०१३चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे, महाराष्ट्रात २०१५चा. दोन्हींत सेवेला मुदत आणि अपिलाची सोय आहे. या कायद्यांना अर्जदाराच्या गोड बोलण्याची गरज पडत नाही. कायदे आपोआप चालतात असे मी म्हणत नाही. टोलवाटोलवी होते, चकरा माराव्या लागतात. पण लेखी अर्ज दिला, त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला, पोचपावती घरी जपून ठेवली, की पुढच्या खेपेला बोलायला आधार मिळतो. तोच अर्ज सोसायटीतल्या पन्नास घरांनी मिळून दिला की साहेबाला त्याची दखल घ्यावीच लागते. सामाचे जे चार प्रकार एकट्या माणसापाशी नसतात, ते पन्नास जण एकत्र आले की त्यांच्यापाशी येतात: देण्यासारखे काही असते, नाते असते, उद्याचा हिशेब असतो. मास्तरने बीम पाळीपाळीने लावावा ही मागणीसुद्धा एकट्याने केली तर तक्रार ठरते, सगळ्यांनी केली तर कारखान्याचा रिवाज होतो.

खुशामतीने आजवर काहींचे भले झाले असेल, पण वस्तीचे झालेले नाही. वस्तीचे भले जेव्हा झाले तेव्हा नियमाने, संघटनेने आणि निर्भीड बोलण्याने झाले. म्हणून आपल्या मुलांना नमस्कार करायला जरूर शिकवावे. पण त्याचबरोबर अर्ज लिहायला शिकवावे, पोचपावती मागायला शिकवावे, शेजाऱ्याच्या यंत्रावरच्या खराब बीमबद्दल बोलायला शिकवावे, आणि ज्याने खरोखर चांगले काम केले त्याची स्तुती, आपल्याला काहीही मागायचे नसताना, चारचौघांत करायला शिकवावे.